बायको लगेच हो म्हणाली

त्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात जनरेटर सांभाळणारा एक मिस्त्री होता. त्याला सगळं इस्पितळ ‘पंचनामा’ म्हणत असे. हे नाव आपल्याला कुणी ठेवलं याचाही त्याने कसून तपास केला होता, पण संशयितांची संख्या हाताबाहेर गेल्यामुळे ते प्रकरण त्याला अर्धवट सोडावं लागलं. तळघरात कुणी दिवा बदलायला आलं तरी हा विचारणार: कुणी पाठवलं, कशाला पाठवलं, आणि तुलाच का पाठवलं. बिचारा दिवेवाला जाताना आपलं नक्की कुठं चुकलं याचा विचार करत जिना चढायचा.

यंत्रांच्या बाबतीत मात्र हा स्वभाव सोन्यासारखा होता. जनरेटर सुरळीत चालला की बाकीची माणसं निर्धास्त होतात; हा अस्वस्थ व्हायचा. “आज आवाज जरा जास्तच चांगला येतोय,” म्हणत झाकण उघडून बसायचा, आणि पुष्कळदा आत खरोखरच एखादा पट्टा सैल झालेला सापडायचा. इस्पितळाची वीज गेली आणि ऑपरेशन अडलं असं त्याच्या कारकिर्दीत एकदाही घडलं नाही. थोडक्यात सांगायचं तर यंत्रांवर संशय घेण्याचा त्याला पगार मिळत असे आणि माणसांवर तो फुकट घेत असे.

हे फुकटचं काम सगळ्यात जास्त घरी चाले. त्याची बायको एका चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून बघायची, दांड्या वाकवून द्यायची. ती घरी आली की हा विचारायचा, “उशीर झाला?” वेळेवर आली तर, “आज बरी वेळेवर सुटलीस?” फोन आला की, “कोण होतं?” ती म्हणायची, कुणी नाही. “कुणी नाही म्हणजे कोण?” पंचनामा माणूस वाईट नव्हता हो. कधी आवाज चढवला नाही, की हात उगारला नाही. बायकोला ताप आला तर तिच्या उशाशी बसून कपाळावरच्या घड्या बदलायचा, पण ताप कुणाकडून आणलास हे विचारत विचारत. लग्नानंतरची काही वर्षं ती सगळ्या प्रश्नांची पूर्ण उत्तरं देत असे. मग उत्तरं आखूड झाली. मग नुसतं ‘हं’ उरलं. आणि तिच्या त्या ‘हं’मध्येही याला काहीतरी दडलेलं वाटायचं.

अशा माणसाने ध्रुवावर जायचं मनात आणलं, हे ऐकून पहिल्यांदा सगळे हसले. पण खरोखरच तिकडच्या बर्फात एक संशोधन केंद्र होतं, तिथे हिवाळाभर राहायला जनरेटरचा मिस्त्री हवा होता. जहाज माणसांना सोडून परत फिरायचं ते बर्फ फुटेपर्यंत यायचंच नाही. म्हणजे वर्षावर काळ गेलाच. तिथे जनरेटर बंद पडला तर झाकण उघडून बघायला दुसरं कुणी येणार नाही, आणि तासाभरात सगळ्यांचे प्राण कंठाशी येतील. जाहिरातीत हे वाचून याच्या अंगात उत्साह संचारला. त्याला दुसरंही एक कारण होतं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्य तळघरात गेलं होतं. एकदा तरी चारी बाजूंनी मोकळं आभाळ असलेल्या जागी उभं राहावं असं त्याला फार वाटत होतं.

निवड झाली आणि तयारी सुरू झाली. तयारी म्हणजे आधी शरीराची. तिकडे शस्त्रक्रियेची सोय तोकडी, म्हणून जाणाऱ्याचं अपेंडिक्स दुखत नसलं तरी आधीच काढून टाकतात. “दुखत नसताना काढताय, म्हणजे काहीतरी लपवताय,” असं पंचनामा सर्जनला म्हणाला, आणि शुद्धीवर आल्याबरोबर त्याने काढलेलं अपेंडिक्स दाखवा म्हणून हट्ट धरला. सर्जनने बरणी आणून दाखवली. याने ती उजेडाकडे धरून फिरवून पाहिली आणि विचारलं, “हे माझंच कशावरून?”

मग दाताच्या डॉक्टरने दोन दाढा काढल्या. मग शीतगृहात बसवून बोटं किती वेळ चालतात ते पाहिलं. मग मोहिमेचे बूट मिळाले. काय ते बूट! गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे, आत लोकरीचं अस्तर, तळ चार बोटं जाड. ते पायाला सरावले पाहिजेत म्हणून निघेपर्यंत रोज घालून हिंडायचा हुकूम होता. हवा चांगली उबदार होती. हा माणूस अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि ध्रुवावरचे बूट अशा अवतारात इस्पितळात जाऊ-येऊ लागला. लिफ्टमध्ये शिरला की लिफ्ट दचकायची.

सगळ्यात शेवटी मोहिमेची मानसतज्ज्ञ बाई घरी आली. जाणाऱ्याच्या माणसांशी तिला एकट्याने बोलायचं असतं. घरचे मनातून नाराज असले तर गेलेला माणूस तिकडे झुरतो, आणि झुरणारा माणूस बर्फात सगळ्यांनाच जड जातो. ती बायकोला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं. पंचनामा बाहेरच्या खोलीत बसला. बायको रडेल याची त्याला खात्री होती. ‘इतके महिने मी कशी राहू’ असं म्हणेल, मग आपण तिची समजूत घालू, मग ती नाइलाजाने मान हलवेल, अशी सगळी मांडणी त्याने मनात करून ठेवली होती. चहाला उकळी फुटायच्या आत दोघी बाहेर आल्या. बाई हसत होती. बायकोही हसत होती.

“त्यांची काही हरकत नाही,” बाई म्हणाली. “उलट जा म्हणतात.”

“उलट?” पंचनामाने विचारलं.

“जा की खुशाल,” बायको म्हणाली, आणि कप आणायला आत गेली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. इतकी वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याला जगाच्या टोकाला पाठवताना साधं ‘काळजी घ्या’ म्हणत नाही? खुशाल? हा शब्द त्याने पुढचे कितीतरी दिवस तोंडात घोळवला. खुशाल म्हणजे काय? कुणाच्या जिवावर खुशाल?

आणि माणूस शोधायला लागला की सापडायला कितीसा वेळ लागतो! बायको काम करताना गुणगुणायला लागली होती. दुकान सुटल्यावर ती थेट घरी येत नव्हती. विचारलं तर ‘जरा काम होतं’. एकदा तिच्या बोटांच्या टोकांना काळं लागलेलं दिसलं. चष्म्याच्या दुकानात काळं कुठून आलं? त्याच्या हत्यारांच्या पेटीतली पक्कड जागेवर होती, पण तोंड उलटीकडे करून ठेवलेली. आणि मग ती नळाची गोष्ट झाली.

स्वयंपाकघरातला नळ गळायचा. कैक महिने गळत होता. सगळ्या इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा नळ, तो गळणारच. याने रोज म्हणायचं, रविवारी बघतो. आणि एके दिवशी सकाळी तोंड धुताना याच्या लक्षात आलं की नळ गळत नाही.

“नळ कुणी दुरुस्त केला?”

“थांबला असेल,” बायको पाठमोरी राहूनच म्हणाली.

नळ असा थांबत नाही. नळाला काही उपरती होत नसते. ती कामावर गेल्याबरोबर त्याने नळ उघडून पाहिला. आत नवाकोरा वॉशर होता, सरळ बसवलेला, कडेला दोऱ्याचा वेढा व्यवस्थित दिलेला. म्हणजे घरात कुणीतरी आलं होतं. हाताने चांगला, स्वभावाने टापटिपीचा, आणि आपल्यासारखा ‘रविवारी बघतो’ न म्हणणारा कुणीतरी. पंचनामा तो वॉशर तळहातावर घेऊन बराच वेळ बसला. जगात वॉशरचा मत्सर करणारा तो एकटाच माणूस असावा. पण आपल्याला हसू येतं म्हणून त्याचं दुःख काही खोटं नव्हतं.

मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, त्याने गाठलं. तो सामान पोचवायची गाडी चालवायचा, सगळ्या गल्ल्या त्याला पाठ.

“तुझी ताई दुपारची कुठं जाते?”

“दाजी, तुम्ही तिकडे अस्वलांवर लक्ष ठेवा. ताईला सोडा.”

“म्हणजे जाते. तुला माहीत आहे.”

“मला काही माहीत नाही. आणि असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं.” मेहुणा हे हसत म्हणाला, पण गाडी सुरू करून जायची त्याला जरा घाईच झाली होती.

दुसऱ्या दिवशी पंचनामाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चष्म्याच्या दुकानासमोर, एका उभ्या ट्रकच्या आड जाऊन उभा राहिला. दुपारी बायको बाहेर पडली. घराकडे न वळता उलट दिशेने चालू लागली. हा मागे. ती भराभर चालत होती, खांद्यावरची पिशवी जड दिसत होती. हा भिंतीच्या कडेने, खांबांच्या आडून, श्वास रोखून चालला होता. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नव्हती. सवयीने सकाळी पायात घातले होते ते बूट. धाड, धाड, धाड. फुटपाथवरची माणसं मागे वळून बघत होती, एका दुकानातलं कुत्रं उठून भुंकायला लागलं, आणि हे महाशय आपण कुणाला दिसू नये म्हणून खाली मान घालून चालले होते. एवढा गाजावाजा करून कुणी कुणाचा गुपचूप पाठलाग केला नसेल.

ती एका अरुंद गल्लीत शिरली आणि टोकाच्या शटर अर्धं वर असलेल्या गाळ्यात वाकून आत गेली. पंचनामा शटरजवळ थबकला. आतून पुरुषाचा आवाज आला, “आज उशीर झाला नाही ना? मग बस.” वाकून आत शिरावं की इथूनच घरी जावं, हे त्याला ठरवता येईना. इतकी वर्षं तो ज्याचा तपास करत होता ते आता हाताच्या अंतरावर होतं, आणि त्याला ते मुळीच बघायचं नव्हतं.

“या की आत,” बायकोचा आवाज आला. “गल्लीच्या तोंडापासून ऐकू येताय.”

तो वाकून आत गेला. गाळ्यात उघडे पंखे, मोटारी, वायरींची भेंडोळी. एका स्टुलावर एक म्हातारा वायरमन बसला होता, कानात श्रवणयंत्र, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. समोरच्या बाकावर बायको. तिच्या पुढ्यात पाण्याचा पंप खोलून ठेवलेला, आणि हातात पाना.

“हे माझे मिस्टर,” ती म्हाताऱ्याला मोठ्याने म्हणाली.

म्हाताऱ्याने याच्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, “बरं,” म्हणाला, आणि पुन्हा पंपात डोकं घातलं. कोण, कुठले, कशाला आलात, काही नाही.

ती शिकत होती. फ्यूज बदलायला, नळाचा वॉशर घालायला, पंप बिघडला तर खोलायला. तो गेल्यावर घरात जे जे बंद पडणार होतं ते सगळं. तोही ध्रुवाची तयारी करत होता, तीही करत होती, आपापल्या बाजूने. पंचनामाला आधी इतकं हायसं वाटलं की त्याने जवळची खुर्ची ओढली आणि तो मटकन बसला. आणि मग हळूहळू त्याला वाईट वाटायला लागलं.

“मला सांगितलं असतंस तर मी शिकवलं असतं,” घरी जाताना तो म्हणाला.

“तुम्ही शिकवलं नसतं. आधी विचारलं असतं, आत्ताच का सुचलं.”

नेमकं तेच त्याच्या ओठांवर होतं. पण चार पावलांवर त्याला राहवलं नाही. “त्या बाईला आत तू काय सांगितलंस?”

बायको थांबली. एका बंद दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवून तिथेच बसली. “सांगते. मध्ये काही विचारायचं नाही.”

तो बुटांच्या टाचांवर रेलून उभा राहिला.

“त्यांनी विचारलं, यांच्याशिवाय इतके दिवस राहवेल का. मी म्हटलं, मला एक वर्ष हवंच आहे. दार उघडून घरात यायचं, पायातलं काढायचं, आणि कुणी काही विचारायचं नाही. फोन आला तर बोलायचं आणि ठेवून द्यायचा. बस एवढंच. मला कुठं जायचं नाही, कुणाकडं जायचं नाही. दुसरं कुणी नाही हो माझ्या आयुष्यात. असतं तर निदान तुमच्या प्रश्नांना एखादं खरं उत्तर तरी देता आलं असतं. काही केलेलं नसताना रोज जबाब द्यायचा. थकले मी.”

रस्त्याने माणसं जात होती. एक सायकलवाला त्याच्या बुटांकडे बघत बघत खांबावर आदळता आदळता वाचला. पंचनामाला त्याचं काही वाटलं नाही. दुसरा माणूस असता तर त्याच्यावर राग तरी काढता आला असता. इथे राग काढायला त्याला स्वतःखेरीज कुणीच मिळत नव्हतं, आणि स्वतःची चौकशी करायची त्याला मुळीच सवय नव्हती.

त्या संध्याकाळी त्याने काही विचारलं नाही, पण न विचारणंही त्याचं असं होतं की सगळं घर त्याने भरून गेलं. ती ताटं मांडताना तो तिच्याकडे बघत राहिला. एक वर्ष बिनचौकशीचं राहिल्यावर ही आपल्याला परत दारात घेईल का? चव लागल्यावर कोण सोडतं? या विचाराने त्याला धडकी भरली. सकाळी उठून तो मोहिमेच्या कचेरीत निघाला ते नाव मागे घ्यायचं ठरवूनच. पोट दुखतंय म्हणून सांगायचं. अपेंडिक्स काढल्याची खूण होतीच.

पण कचेरीत पाय टाकतो तोच रेडिओवाल्या मुलीने त्याला पकडलं. “बरं झालं आलात. आज तुमच्या घरच्या फोनची तालीम आहे. ताईंना कळवलंय, त्या वाट बघतायत.” आणि त्याला काही बोलू न देता तिने एका लहानशा खोलीत नेऊन कानांवर यंत्र चढवलं.

“नीट ऐका,” ती म्हणाली. “तिकडून बोलणं उपग्रहावरून जातं. तुमचं वाक्य पोचायला आणि त्यांचं परत यायला वेळ लागतो. म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत. एक प्रश्न, एक उत्तर असं करत बसलात तर आठवड्याची वेळ त्यातच जाते, दोघं एकमेकांवर बोलता आणि भांडणं होतात. आपण आपलं सांगायचं. सांगून झालं की ‘बोल’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. इथे मी मुद्दाम तेवढाच उशीर लावलाय.”

“प्रश्नच विचारायचे नाहीत?”

“हा पहिला झाला,” मुलगी म्हणाली आणि दार लावून गेली.

कानात खरखर झाली. मग बायकोचा आवाज, “हॅलो.”

त्याच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. कुठून बोलतेस, घरातूनच ना, मागे कसला आवाज आहे, कामावर गेली नाहीस का. त्याने ते एकेक करून मागे ढकलले. आणि मागे ढकलल्यावर त्याच्या लक्षात आलं की दुसरं काही बोलायलाच नाही. इतक्या वर्षांत त्याने तिला विचारलं होतं डोंगराएवढं, आणि सांगितलं काहीच नव्हतं. इस्पितळात आज काय झालं, तळघरात एकट्याला कसं वाटतं, बर्फावर का जावंसं वाटलं, काही काही नाही.

“मी नाव मागे घ्यायला आलो होतो,” तो शेवटी म्हणाला. “मला भीती वाटते. थंडीची नाही. परत आल्यावर तुला मी नकोसा झालेला असेन, याची वाटते. बोल.”

मग ती शांतता. यंत्राने लावलेली असेल, पण त्याला ते कुठे पटतंय! ती फोन ठेवून गेली. नाही, ती हसतेय. कुणाकडे तरी बघतेय. शेजारी कुणी आहे. त्या एवढ्याशा अवकाशात त्याने सबंध तपास पुरा करून बायकोला दोषीही ठरवलं.

“नाव मागे घेऊ नका,” तिचा आवाज आला. ती रडत होती हे त्याला न विचारता कळलं. “जा. परत या. परत आल्यावर काय वाटेल ते मला आत्ता खरंच माहीत नाही, आणि माहीत नसताना मी खोटं बोलणार नाही. पण भीती वाटते असं तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं हो.” थोडं थांबून ती म्हणाली, “आज सकाळपासून काय काय केलंत तुम्ही? बोला.”

पंचनामा दचकला. प्रश्न विचारायचे नाहीत हा नियम तिलाही कुणीतरी सांगितला असणार. तरी तिने विचारला होता. आणि तिने त्याला असं काही विचारल्याला किती वर्षं लोटली होती ते त्याला आठवेना. विचारायला तिला त्याने जागाच ठेवली नव्हती.

त्याच्या तोंडावर आलं होतं, ‘का विचारतेस?’ ते त्याने मोठ्या कष्टाने गिळलं, आणि सकाळी जाग आली तिथपासून तो तिला सांगायला लागला.